तुमच्या छोट्या ड्रोनला ठरलेल्या वाटेने का उडता येत नाही?

गेल्या पावसाळ्यापासून हिंगोलीकडच्या ओळखीच्या पोरांकडून एकच प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत येतोय. कुणी लग्नाचं शूटिंग करतो, कुणाचं यूट्यूब चॅनल आहे, कुणी नुसताच हौशी. सगळ्यांकडे साधारण अडीचशे ग्रॅमच्या आतला, घडी होणारा कॅमेरा ड्रोन. प्रश्न असा की, "दादा, ह्याला एकदा रस्ता आखून द्यायचा आणि आठ दिवसांनी परत त्याच रस्त्याने पाठवायचा, ते बटण ॲपमध्ये कुठंय?"

बटण नाहीये. ॲप अपडेट करून, फोन बदलून, सेटिंग उलथीपालथी करून ते सापडणार नाही. पण ते का नाहीये, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण ड्रोनला ते जमत नाही म्हणून नाही, तर ते तुम्हाला द्यायचं नाही असं कुणीतरी ठरवलं म्हणून ते नाहीये.

वेपॉइंट म्हणजे नेमकं काय

नकाशावर बिंदू टाकायचे. प्रत्येक बिंदूसोबत अक्षांश, रेखांश, उंची, वेग, तोंड कुठल्या दिशेला आणि कॅमेरा किती खाली झुकलेला, एवढी माहिती असते. त्या बिंदूला वेपॉइंट म्हणतात. ही यादी ड्रोनच्या आतल्या कंट्रोलरमध्ये जाऊन बसते आणि ड्रोन एकेक बिंदू गाठत जातो. यादी सेव्ह केली की आज, पुढच्या आठवड्यात, पुढच्या वर्षी तेच उड्डाण परत करता येतं. विषय एवढाच आहे. डेटा म्हणून बघितलं तर शंभर बिंदूंची यादी तुमच्या एका व्हॉट्सॲप फोटोपेक्षाही लहान भरेल.

लग्नाच्या व्हिडिओत याचं फारसं अडत नाही. मंडपावरून एक गोल फेरी मारली की काम झालं, आणि त्यासाठी तयार मोड असतात. अडतं ते शेतात.

वसमत, औंढा, कळमनुरी या पट्ट्यात हळद किती आहे हे हिंगोलीकरांना सांगायला नको. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळद मे-जूनमध्ये लागते आणि निघेपर्यंत पुढचं वर्ष उजाडतं. म्हणजे अख्खा पावसाळा ती रानात उभी असते. पाणी तुंबलं की कंदकूज लागते, आणि ती सगळ्या रानात एकदम दिसत नाही. आधी एक ठिपका पिवळा पडतो, मग तो पसरतो. धुऱ्यावर उभं राहून हा ठिपका कळत नाही, वरून कळतो. पण एक फोटो बघून तो वाढतोय की आहे तेवढाच आहे हे कसं सांगणार? त्यासाठी दहा दिवसांच्या अंतराने, त्याच उंचीवरून, त्याच जागेवरून काढलेले फोटो लागतात. काडी फिरवून हाताने उडवलेला ड्रोन दरवेळी वेगळीकडून फोटो आणतो, आणि तुलना करायला बसलं की डोकं दुखतं.

दुसरं कारण पुराचं. सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला हिंगोली, परभणी, नांदेडमध्ये पावसाने काय केलं आणि २०२५ च्या पावसाळ्यात मराठवाड्याचं काय झालं, ते आपण बघितलंय. सरकारी मदतीसाठी पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असावं लागतं. आता ३३ टक्के म्हणजे रानाचा नेमका किती तुकडा? तलाठी येईपर्यंत (पदाचं नाव बदललंय, पण गावात अजून तलाठीच म्हणतात) पाणी ओसरलेलं असतं. पुराआधीचा आणि पुरानंतरचा, एकाच जागेवरून काढलेला फोटो असेल तर निदान बोलायला काहीतरी हातात राहतं. पंचनाम्याची जागा असा फोटो घेत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण "आमचं सगळं गेलं" म्हणणं आणि "ओढ्याकडची ही पट्टी गेली, हे बघा" म्हणणं यात फरक आहे.

ड्रोनला येतं का? येतं.

तुमच्या ड्रोनवर घरी परत बोलवायचं बटण असतं, रिटर्न टू होम. ते दाबलं की ड्रोन ठरलेल्या उंचीवर जातो, उडाला त्या जागेचे जीपीएस आकडे बघतो, तिकडे तोंड करतो, सरळ येतो आणि उतरतो. इंजिनिअर म्हणून सांगतो, हे एका बिंदूचं वेपॉइंट मिशनच आहे. ज्या यंत्राला एक बिंदू गाठता येतो, त्याला वीस बिंदू गाठायला नवीन मोटर लागत नाही, नवीन सेन्सर लागत नाही. तयार मोडमध्ये तुमच्याभोवती गोल फिरणारा, मळसूत्रासारखा वर जाणारा ड्रोन गणिताच्या बाबतीत याहून अवघड काम करत असतो.

मग अडचण सेन्सरची आहे का? कंपन्यांच्या बाजूने बोलणारे म्हणतात, छोट्या ड्रोनला समोरचं झाड दिसत नाही, तो स्वतःहून उडाला तर धडकेल. मुद्दा खोटा नाही. पण इतिहास बघा. बाजारातली सर्वांत मोठी कंपनी डीजेआय. तिच्या फँटम ३ प्रोफेशनलला समोरचं काहीच दिसत नव्हतं, फक्त खाली बघणारे सेन्सर होते. तरी २०१५ मध्ये एका अपडेटने त्याला वेपॉइंट मिळाले. २०१८ च्या मॅव्हिक २ मध्येही होते. मग २०२० मध्ये मॅव्हिक एअर २ आला, तो डीजेआय फ्लाय या ॲपवर चालतो, आणि त्यात वेपॉइंट गायब. २०२१ च्या एअर २एस ला चार दिशांना अडथळे दिसतात, तरी कंपनीच्या ॲपमध्ये वेपॉइंट नाहीत. २०२२ च्या मिनी ३ प्रो ला पुढे, मागे, खाली दिसतं, तरी नाहीत. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या मिनी ४ प्रो मध्ये आहेत. मिनी २ आणि मिनी ४ प्रो, दोघांचं वजन अडीचशे ग्रॅमच्या आतच. पहिला ४४९ डॉलरला आला होता, दुसरा ७५९ ला.

सगळ्यांत बोलकं उदाहरण मॅव्हिक ३ चं. नोव्हेंबर २०२१ मध्ये हा महागडा ड्रोन वेपॉइंटशिवाय विकायला आला. जानेवारी २०२३ मध्ये अपडेट आलं आणि वेपॉइंट आले. लोकांच्या घरात कपाटात पडलेल्या ड्रोनला रातोरात रस्ता समजायला लागला! हार्डवेअर तेच होतं.

थोडं कंपनीच्या खुर्चीत बसून बघू. फीचर लिहिणं सोपं असतं, निभावणं अवघड. प्रत्येक मॉडेलवर चाचण्या, सिग्नल तुटला तर काय, बॅटरी संपत आली तर काय, जोराचं वारं आलं तर काय. मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे "हे तर दोन दिवसांचं काम" असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण वर दिलेला क्रम बघितल्यावर मला तरी एवढंच दिसतं, की खर्च आणि चाचण्या हे अर्धं कारण आहे. उरलेलं अर्धं म्हणजे महाग मॉडेल घ्यायला काहीतरी कारण शिल्लक ठेवायचं. फोनमध्ये हे आपण रोज बघतो. एकाच चिपचे दोन फोन, पण कॅमेऱ्याचा एखादा मोड फक्त महागड्यात. फोनमध्ये चिडचिड होते आणि आपण विसरतो. इथे त्या मोडची गरज नेमकी त्याला आहे, ज्याला महागडं मॉडेल परवडत नाही.

आणि हो, मिनी ४ प्रो घेतला म्हणजे सगळं मिळालं असंही नाही. त्यात बिंदू एकेक करून टाकावे लागतात. शेताचा चौकोन दाखवला आणि ॲपने आपोआप जाळी पाडून दिली, असं कंपनीच्या त्या ॲपमध्ये होत नाही. ती सोय सर्व्हेच्या ड्रोनसाठी राखलेली आहे.

दुसऱ्या ॲपने चालतं का?

चालतं, पण नीट समजून घ्या. लिची, ड्रोनलिंक अशी बाहेरच्यांनी बनवलेली ॲप्स आहेत. कंपनीने बाहेरच्या डेव्हलपरांना जी दारं उघडी ठेवली आहेत, त्यातून ती ड्रोनशी बोलतात. मिनी २, एअर २एस यांच्यासाठी कंपनीने दार अर्धंच उघडलंय. मिशनची यादी ड्रोनमध्ये टाकायची परवानगी नाही, फक्त काड्या हलवल्याचं नाटक करायची परवानगी आहे. याला व्हर्च्युअल स्टिक म्हणतात. म्हणजे रस्ता ड्रोनच्या डोक्यात नसतो, तुमच्या फोनमध्ये असतो. फोन क्षणाक्षणाला रिमोटमार्फत सांगत राहतो, थोडा डावीकडे, थोडा पुढे.

फरक कुठे पडतो? खऱ्या वेपॉइंटमध्ये ड्रोन झाडामागे गेला, सिग्नल तुटला, तरी सेटिंग तशी असेल तर तो यादी पूर्ण करतो. व्हर्च्युअल स्टिकमध्ये सिग्नल तुटला की रस्ता तुटला. मग ड्रोन घरी परत यायला लागतो, आणि तेही तुम्ही लावलेल्या उंचीवरून. ती उंची आखाड्यावरच्या लिंबापेक्षा कमी ठेवली असेल तर पुढचं मी सांगत नाही. विजेच्या तारा तर महागड्या ड्रोनच्या सेन्सरलाही नेहमी दिसतीलच असं नाही.

फोनचंही तसंच. मधेच कॉल आला, बॅटरी सेव्हरने ॲप मारलं, मे महिन्याच्या उन्हात फोन तापून मंद झाला, तर मिशन तिथेच थांबतं. त्यामुळे उडवण्याआधी डू नॉट डिस्टर्ब लावा, बॅटरी सेव्हर बंद करा, फोन सावलीत धरा. आणि ही ॲप्स पैसे देऊन घ्यावी लागतात म्हणून टेलिग्रामवरून क्रॅक केलेलं एपीके टाकू नका. ज्या ॲपच्या हातात तुमचा उडता ड्रोन आहे, ते कुणी उघडून परत शिवलंय हे माहीत नसणं परवडणारं नाही.

हाताने जाळी पाडायची असेल तर

ज्याला यातलं काहीच जमत नाही, त्याच्यासाठी एक देशी उपाय आहे, आणि तो बऱ्यापैकी चालतो. गणित करून दाखवतो.

पाच एकर रान घ्या, म्हणजे साधारण २०० मीटर बाय १०० मीटर. अशा ड्रोनचा कॅमेरा सरळ खाली बघत ६० मीटर उंचीवर असेल, तर एका फोटोत अंदाजे ८६ मीटर बाय ६५ मीटर जमीन येते. १२ मेगापिक्सेलचा फोटो धरला तर एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे दोन-सव्वादोन सेंटिमीटर. हळदीचं पिवळं पान वेगळं दिसायला तेवढं पुरतं. फोटो एकमेकांना जोडून मोठा नकाशा करायचा तर शेजारच्या ओळींतले फोटो सत्तर टक्के आणि एकामागचे एक त्याहून थोडे जास्त एकमेकांवर चढायला हवेत. म्हणजे दोन ओळींत २६ मीटर अंतर, आणि एका ओळीत दर १५ मीटरला एक फोटो.

आता गंमत बघा. तीन सेकंदाला एक फोटो हा टायमर मोड मिनी २ मध्येही आहे. वेग सेकंदाला ५ मीटर ठेवला की तीन सेकंदात १५ मीटर होतात. जमलं! पाच ओळी, प्रत्येकी २०० मीटर, एकूण एक किलोमीटर. वळणं धरून पाच-सहा मिनिटांचं उड्डाण आणि साठ-सत्तर फोटो. एका बॅटरीत आरामात बसतं.

ओळ सरळ कशी ठेवायची? इथे शेतच मदतीला येतं. सोयाबीनच्या तासांना, हळदीच्या सरींना समांतर उडवा. स्क्रीनवर ग्रिडच्या रेषा चालू करा आणि सरी त्या रेषेवरून ढळू देऊ नका. ओळींची दोन्ही टोकं धुऱ्यावर चुन्याने किंवा पांढऱ्या गोणीने खूण करून ठेवा. तीच खूण पुढच्या वेळीही वापरायची. उंची, वेग, कॅमेऱ्याचा कोन आणि दिवसाची वेळ वहीत लिहून ठेवा. मी सकाळी अकराच्या आसपास सुचवीन, सावल्या फार लांब नसतात आणि वाराही दुपारपेक्षा बरा असतो. फोटो जोडायला ओपनड्रोनमॅप हे मोफत सॉफ्टवेअर आहे. बऱ्यापैकी रॅम असलेल्या लॅपटॉपवर चालतं, फोनवर नाही.

एक इशारा. या नकाशावरून धुऱ्याची भांडणं काढू नका. साध्या ड्रोनचं जीपीएस दीड-दोन मीटर इकडेतिकडे होतं. पिकातला ठिपका बघायला ते चालतं, हद्द मोजायला नाही. सरकारने गावठाणांची मोजणी ड्रोनने केली, आपल्याकडे तिची सुरुवात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावातून झाली आणि एप्रिल २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. त्या मोजणीला आधार सर्व्हे ऑफ इंडियाच्या जमिनीवरच्या जीपीएस केंद्रांचा असतो, काही सेंटिमीटरपर्यंत अचूक. आणि तिथे कुणी काडीने ओळी धरत बसत नाही, मार्ग आधीच आखलेला असतो.

कायदा आडवा येतो का?

अनेकांना वाटतं की हे फीचर भारतात कायद्यामुळे बंद आहे. तसं नाही. ऑगस्ट २०२१ चे ड्रोन नियम वजनावर चालतात. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला टाइप सर्टिफिकेट लागत नाही, उडवणाऱ्याला पायलट सर्टिफिकेटही लागत नाही. मायक्रोला धंद्यासाठी उडवलं तर लागतं. (मोठी बॅटरी लावून २४९ ग्रॅमचा ड्रोन अडीचशेच्या वर गेला की तो नॅनो राहत नाही, हे बरेच जण विसरतात.) डिजिटल स्कायचा नकाशा मात्र सगळ्यांना लागू आहे. ग्रीन झोनमध्ये १२० मीटरपर्यंत परवानगी लागत नाही, रेड झोनमध्ये केंद्राच्या परवानगीशिवाय उडवायचं नाही. शिवाय पोलीस एखाद्या भागाला ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन करू शकतात, त्यामुळे मंत्र्यांचा दौरा, यात्रा, बंदोबस्त असेल तेव्हा आधी नकाशा बघा. नियम मोडला तर दंड एक लाखापर्यंत आहे.

म्हणजे मार्ग आखून उडवण्याला नियमांनी हात लावलेला नाही. खरा अडथळा दुसरीकडे आहे. ९ फेब्रुवारी २०२२ ला केंद्राने तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण, सुरक्षा यांना सूट, सुट्या भागांना मुभा. त्यामुळे आज गावात दिसणारा परदेशी ड्रोन एकतर बंदीआधीचा असतो, नाहीतर बिलाशिवाय हातोहात फिरलेला. परदेशातल्या नातेवाइकाने बॅगेतून आणणं हेही आयातच. सेकंडहँड घेताना "प्रो आहे, सगळं आहे" असं सांगितलं जातं, आणि बिल, वॉरंटी, सर्व्हिस सेंटर यातलं काहीच नसतं.

बंदीमागचा विचार मला पटतो, देशात ड्रोन बनावेत. शेतीचे मोठे ड्रोन बनतही आहेत. नमो ड्रोन दीदी योजनेत १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यायचे ठरले, किमतीच्या ८० टक्के किंवा आठ लाखांपर्यंत अनुदान. फवारणीच्या अशा ड्रोनमध्ये शेताची हद्द दाखवली की फेऱ्या आपोआप आखल्या जातात. मुंबईची आयडियाफोर्ज सर्व्हेचे उत्तम ड्रोन बनवते. 'थ्री इडियट्स'मध्ये उडालेला ड्रोन त्यांचाच होता. पण एका टोकाला दहा लाखांचा फवारणी ड्रोन आणि दुसऱ्या टोकाला ऑनलाइन मिळणारी दोन-तीन हजारांची खेळणी, ज्यात जीपीएसही नसतं. मधली जागा, म्हणजे २४९ ग्रॅमचा, बरा कॅमेरा असलेला, मार्ग लक्षात ठेवणारा देशी ड्रोन, ती जवळपास रिकामी आहे. मार्ग आखण्याचं सॉफ्टवेअर तर फुकट पडलंय. आर्डूपायलट आणि पीएक्स४ ही दोन्ही ओपन सोर्स आहेत, कुणीही घेऊन वापरावीत. अवघड आहे ते एवढ्या कमी वजनात स्थिर कॅमेरा आणि लांब पोचणारा सिग्नल बसवणं. तिथे चिनी कंपन्या खूप पुढे आहेत, हे मान्य करायला हवं. पण नेमक्या याच आकाराच्या ड्रोनसाठी कुठलं अनुदान किंवा स्पर्धा असायला काय हरकत आहे? ड्रोन दीदीच्या एका यंत्राच्या पैशात असे डझनभर आले असते.

तोपर्यंत कुणी ड्रोन विकायला आणला तर त्याला तीन गोष्टी करून दाखवायला सांगा, बोलण्यावर जाऊ नका. ॲप उघडून वेपॉइंटचं चिन्ह दाखव. मार्ग सेव्ह कर, ड्रोन बंद कर, परत चालू करून तोच मार्ग उडव. आणि बिल दाखव. पहिल्या दोन्हीला "अपडेट आलं की येईल" असं उत्तर आलं, तर मॅव्हिक ३ च्या मालकांना चौदा महिने थांबावं लागलं होतं आणि मिनी ३ प्रो च्या ॲपमध्ये ते अपडेट आलंच नाही, एवढं लक्षात ठेवून भाव करा.